त्या डेमलरवर तारा लावण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गावच्या वाड्यात, पडवीत ताडपत्रीखाली आजोबांची गाडी कित्येक वर्षं उभी आहे. जुन्या आरसी बुकात मेकरच्या रकान्यात ‘डेमलर’ लिहिलंय. इंटरनेटवर शोधलं तर डेमलर म्हणजे मर्सिडीज बनवणारी कंपनी असं निघालं. गावातल्या गॅरेजवाल्याने सल्ला दिला की बॉनेटवर मर्सिडीजचा तारा बसवा, किंमत दुप्पट होईल. तर ही गाडी मर्सिडीज आहे का, तिचे पार्ट मर्सिडीजच्या शोरूममधून मिळतील का, आणि तारा बसवावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: तारा बसवू नका. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरंही ‘नाही’ अशीच आहेत, पण ती नुसती ‘नाही’ म्हणून सांगितली तर तुमचं समाधान होणार नाही, आणि तो गॅरेजवाला उद्या दुसरंच काहीतरी गळी उतरवेल. मी तीसेक वर्षं जुन्या गाड्या पुन्हा चालत्या करायचं काम करतो. माझ्याकडे आलेल्या डेमलरच्या मालकांपैकी बहुतेकांनी हाच प्रश्न विचारला. चूक त्यांची नाही. हे एक नाव इतक्या घरांत वाटलं गेलंय की खुद्द कंपन्यांनाही ते वापरण्यासाठी एकमेकांची परवानगी घ्यावी लागली आहे.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत पुढची जाळी, स्टिअरिंग आणि एक मडगार्ड दिसतं. चेसिस प्लेट दिसत नाही, इंजिन दिसत नाही. त्यामुळे घराणं मी खात्रीने सांगू शकतो. मॉडेल आणि साल फक्त अंदाजाने.

खात्री कशावरून? रेडिएटरच्या माथ्यावरच्या उभ्या पन्हळींवरून. पत्र्याच्या छपराला असतात तशा पन्हळी जाळीच्या वरच्या पट्टीवर आहेत ना, ती इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीची खूण. 1904 पासून त्यांनी ती धरून ठेवली. सुरुवातीला ती शोभा नव्हती, पाणी लवकर निवावं म्हणून धातूला जास्त पृष्ठभाग द्यायची युक्ती होती. पुढे रेडिएटर जाळीमागे गेला, पन्हळींचं काम संपलं, पण खूण राहिली. जर्मन गाडीला ही खूण कधीच नव्हती.

आता नावाकडे. जर्मन माणूस म्हणतो डाइमलर. इंग्रज म्हणतो डेमलर. आपल्याकडे संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या गाड्यांबरोबर इंग्रजी उच्चार आला, म्हणून आजोबांच्या आरसी बुकात ‘डेमलर’ आहे. मी इथे सोयीसाठी जर्मन शाखेला डाइमलर आणि इंग्रज शाखेला डेमलर म्हणतो. स्पेलिंग मात्र दोन्हीकडे एकच आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

गॉटलीब डाइमलर हा श्टुटगार्टजवळच्या शोर्नडॉर्फ गावातल्या एका पाववाल्याचा मुलगा, जन्म 1834. बंदुका बनवण्याचं काम शिकला, मग इंजिनिअर झाला, कोलोनजवळ डॉइट्झ इथे ओटोच्या इंजिन कारखान्यात बरीच वर्षं राहिला. 1882 मध्ये तिथून बाहेर पडून त्याने कानश्टाटला घर घेतलं आणि बागेतल्या काचघरात विल्हेल्म मायबाख या जोडीदाराबरोबर हलकं, जलद फिरणारं पेट्रोल इंजिन बनवायला घेतलं. 1885 मध्ये ते लाकडी दुचाकीवर बसवलं, 1886 मध्ये घोडागाडीवर. त्याच 1886 च्या जानेवारीत मानहाइमच्या कार्ल बेंझने आपल्या तीनचाकीचं पेटंट नोंदवलं. दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते.

डाइमलर आणि बेंझ यांच्यातला फरक इथे समजून घेतला की पुढचं सोपं जातं. बेंझच्या डोक्यात आख्खी गाडी होती. डाइमलरच्या डोक्यात इंजिन होतं, आणि ते कशातही बसवता येईल अशी त्याची खात्री होती. होडीत, रुळावरच्या गाडीत, आगीच्या बंबावर, अगदी हवेतल्या फुग्याखालीसुद्धा त्याचं इंजिन बसवून झालं. ज्याला इंजिन विकायचंय तो माणूस देशोदेशी ते बनवण्याचे हक्क विकतो, आणि हक्काबरोबर नाव जातं. आज हे नाव अमुक कंपनीचं असं एका वाक्यात सांगता येत नाही, त्याचं मूळ या धंद्याच्या पद्धतीत आहे.

फ्रान्सचे हक्क एदुआर साराझँ या वकिलाकडे होते. तो 1887 मध्ये वारला तेव्हा त्याच्या बायकोने, लुईझने, ते हक्क हातचे जाऊ दिले नाहीत. पुढे तिने एमिल लव्हासॉरशी लग्न केलं आणि पानार-लव्हासॉर कंपनी डाइमलरची इंजिनं बनवू लागली. फ्रेंच मोटारधंद्याच्या सुरुवातीचं मोठं श्रेय या बाईच्या व्यवहारज्ञानाला आहे, असं माझं मत आहे. अमेरिकेत हक्क घेतले विल्यम स्टाइनवेने. हो, तेच पियानोवाले स्टाइनवे. 1888 मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी डाइमलर कंपनी काढली. ऑस्ट्रियात 1899 मध्ये व्हीनर नॉयश्टाटला आणखी एक डाइमलर निघाली. तिथे आधी गॉटलीबचा मुलगा पाउल आणि मग फर्डिनांड पोर्शे हा तरुण मुख्य इंजिनिअर होता. या ऑस्ट्रियन शाखेचं नाव पुढे श्टायर-डाइमलर-पुख अशा लांबलचक संयुक्त नावात शिल्लक राहिलं.

आणि इंग्लंड. तुमच्या गाडीचा सातबारा इथे आहे.

फ्रेडरिक सिम्स हा हॅम्बर्गला जन्मलेला इंग्रज. त्याची आणि डाइमलरची दोस्ती झाली आणि ब्रिटिश साम्राज्यासाठीचे हक्क त्याने मिळवले. 1893 मध्ये सिंडिकेट काढलं, ते हॅरी लॉसन नावाच्या कंपन्या उभ्या करण्यात हातखंडा असलेल्या गृहस्थाच्या हाती गेलं आणि जानेवारी 1896 मध्ये डेमलर मोटर कंपनी जन्माला आली. कॉव्हेंट्रीत एक बंद पडलेली कापडगिरणी घेऊन तिथे कारखाना थाटला.

मधल्या काळात जर्मनीत काय चाललं होतं? 1890 मध्ये डाइमलरने भांडवलदारांबरोबर कंपनी काढली, आणि काही वर्षांतच त्याच भांडवलदारांनी त्याला बाजूला सारलं. कंपनीला नाव त्याचं, आणि तो कंपनीबाहेर. सिम्स आणि त्याच्या साथीदारांनी 1895 मध्ये नव्या इंजिनाच्या हक्कासाठी साडेतीन लाख मार्क देऊ केले, पण अट घातली की डाइमलरला परत घ्यायचं. परकीय गिऱ्हाइकाच्या अटीमुळे तो स्वतःच्या कंपनीत परत आला. मला या सगळ्या कथेतला हाच भाग सगळ्यात आवडतो. नाव विकलं म्हणून माणूस परत घरात आला.

डाइमलर मार्च 1900 मध्ये वारला. त्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिलमध्ये, नीस इथे राहणाऱ्या एमिल येलिनेक या श्रीमंत गिऱ्हाइकाने कंपनीला 36 गाड्यांची ऑर्डर दिली. त्याला जास्त ताकदीची, खाली बसणारी, लांब गाडी हवी होती, आणि तिला नाव हवं होतं आपल्या मुलीचं, मर्सिडीज. हट्ट मुलीच्या कौतुकाचा होताच, पण त्यात व्यवहारही होता: फ्रान्समध्ये डाइमलर या नावाचे हक्क पानार-लव्हासॉरकडे होते, तिथे वेगळ्या नावाने गाडी विकणं सोयीचं. मायबाखने ती गाडी बनवली, मार्च 1901 मध्ये नीसच्या शर्यतींत तिने सगळ्यांना मागे टाकलं, आणि 1902 मध्ये कंपनीने ‘मर्सिडीज’ हा ट्रेडमार्कच नोंदवून टाकला. येलिनेकने तर पुढे स्वतःच्या आडनावालाही मर्सिडीज जोडून घेतलं. मुलीच्या नावावरून बापाने आडनाव बदलल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

इथे थांबून नीट पाहा. ज्या जर्मन कंपनीचं नाव डाइमलर, तिच्या गाड्यांवर 1902 नंतर डाइमलर हे नाव उरलं नाही. थोरल्या घरात ते फक्त दारावरच्या पाटीपुरतं राहिलं. मोटारींवर ते मिरवत राहिले ते इंग्लंड-ऑस्ट्रियातले वाटेकरी. म्हणून जुन्या गाडीवर डेमलर लिहिलेलं दिसलं की ती मर्सिडीज असण्याची शक्यता वाढत नाही, कमी होते.

तो तीन टोकांचा ताराही त्या मानाने उशिराचा. डाइमलरने डॉइट्झच्या दिवसांत बायकोला पाठवलेल्या चित्रावर आपल्या घरावर तारा काढला होता, एक दिवस तो आपल्या कारखान्यावर चमकेल म्हणून. मुलांनी ती आठवण सांगितली आणि 1909 मध्ये कंपनीने तारा नोंदवला, बापाच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. 1926 मध्ये बेंझ कंपनीशी विलीनीकरण झालं, तेव्हा बेंझची पानांची माळ त्या ताऱ्याभोवती आली. कॉव्हेंट्रीच्या गाडीचा या ताऱ्याशी कधीच संबंध नव्हता. तो तुमच्या बॉनेटवर बसवणं म्हणजे चुलतभावाच्या चुलतभावाचं आडनाव लावण्यासारखं होईल.

कॉव्हेंट्रीच्या गाड्या पहिली थोडी वर्षं परक्या नमुन्यावर बनल्या, पुढे पूर्णपणे आपल्या वळणावर गेल्या. सातव्या एडवर्डने युवराज असतानाच डेमलर घेतली आणि मग अर्धं शतक इंग्लंडच्या राजघराण्याची गाडी म्हणजे डेमलर. आपल्याकडच्या संस्थानिकांना तिची ओढ लागली ती त्यामुळेच. 1910 मध्ये कंपनी बीएसए या बंदुका आणि सायकली बनवणाऱ्या उद्योगाच्या हाती गेली. त्या काळात त्यांनी व्हॉल्व्हऐवजी सरकत्या नळ्यांचं, नाइट नावाच्या माणसाने शोधलेलं इंजिन धरलं. आवाज जवळजवळ नाही, पण मागून निळसर धूर. राजाची गाडी आली हे आवाजावरून कळत नसे, गेली हे धुरावरून कळत असे, असं आम्ही धंद्यातले लोक गमतीने म्हणतो.

दुसऱ्या महायुद्धात ही नावाची भाऊबंदकी टोकाला गेली. जर्मन डाइमलर-बेंझची इंजिनं मेसरश्मिट विमानांत होती. कॉव्हेंट्रीची डेमलर ब्रिटिश फौजेसाठी चिलखती गाड्या आणि विमानांची इंजिनं बनवत होती, आणि तिच्या रॅडफर्डच्या कारखान्यावर जर्मन बॉम्ब पडले. एकाच पाववाल्याच्या मुलाचं नाव दोन्ही बाजूंना.

तुम्ही म्हणाल, इतिहास ठीक आहे, पण पडवीतल्या गाडीचं काय? मी नव्या गाडीपाशी गेलो की बॅजकडे नंतर बघतो. आधी पान्यांचा डबा उघडतो. बॉडीवरचे बिल्ले बदलतात, जाळ्या बदलतात, आरसी बुकात कारकून काहीही लिहितो, पण चेसिसवरचे नटबोल्ट सहसा खोटं बोलत नाहीत. जर्मन गाडी असेल तर एमएमचे पाने चपखल बसतात. त्या काळची इंग्रज डेमलर असेल तर एमएमचा पाना घसरतो, अमेरिकन इंची पानाही नीट बसत नाही. तिथे व्हिटवर्थ किंवा बीएसएफ या जुन्या इंग्रज मापांचाच पाना लागतो. तुमच्या गॅरेजवाल्याकडे हे पाने नसतील तर त्याला कृपा करून काही खोलू देऊ नका. चुकीच्या पान्याने गोल झालेली नटाची डोकी सरळ करण्यात माझ्या आयुष्यातले किती दिवस गेले, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

दुसरी खूण स्टिअरिंगजवळ. तुमच्या फोटोत चाकाच्या मध्याखाली अर्धगोल पट्टीवर फिरणारा छोटा दांडा दिसतो आणि खाली तीन पेडल आहेत. तो दांडा इंडिकेटरचा नाही. डेमलरने 1930 पासून फ्लुइड फ्लायव्हील (इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणारं चाक) आणि प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स ही जोडी वापरली. पुढचा गिअर दांड्याने आधी निवडून ठेवायचा, आणि वेळ आली की डावं पेडल एकदा पूर्ण दाबून सोडायचं. गिअर तेव्हा पडतो. डावं पेडल क्लच नाही. क्लच समजून ते अर्धवट दाबलं आणि आतले पट्टे सैल असले, तर पेडल घोड्यासारखी लाथ मारतं. माझ्या एका सहकाऱ्याचा पाय त्यामुळे आठवडाभर सुजला होता. म्हणून कुणी कितीही आग्रह केला तरी ‘एकदा स्टार्ट मारून बघू’ हा प्रयोग अजून करू नका. या गिअरबॉक्समध्ये आपल्याकडे सर्रास ओततात ते जाड गिअर ऑइलही घालू नका. तिला पातळ इंजिन ऑइल लागतं.

जाळी सरळ आणि हेडलाइट मडगार्डपासून वेगळे, हे पाहता माझा अंदाज डेमलरचं डीबी18 हे मॉडेल असा आहे, अडीच लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, युद्धानंतरच्या पाच-सात वर्षांतली. हेडलाइट मडगार्डमध्ये बुडालेले आणि जाळीला बाक असता, तर मी कॉन्सॉर्ट हे त्यानंतरचं मॉडेल म्हटलं असतं. चेसिस प्लेट पाहिल्यावर माझा अंदाज चुकलाही असेल.

पण इंजिन तेच आहे का, ही मला खरी शंका आहे, आणि इथे एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी कोल्हापूरकडची एक डेमलर माझ्याकडे आली. मालक ठासून सांगत होते की ही ‘आतून मर्सिडीज आहे’. मी मनात हसलो. बॉनेट उघडलं आणि हसू गेलं. आत खरंच मर्सिडीजच्या घराण्याचं इंजिन होतं: बजाज टेम्पोचं डिझेल. पुण्याची ही कंपनी मर्सिडीजचं ओएम 616 इंजिन परवाना घेऊन बनवत असे, आणि त्यांच्या ट्रॅक्स या जीपसारख्या गाडीतलं असं एक इंजिन कुण्या मेकॅनिकने पेट्रोल परवडत नाही म्हणून कधीतरी या गाडीत कोंबलं होतं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी फुटलेली दोन घरं एका बॉनेटखाली पुन्हा एकत्र आली होती, आणि तीही परवान्यामार्फत, गॉटलीबच्या जुन्या पद्धतीनेच. मालकांना मी म्हटलं, तुमचं म्हणणं बरोबर होतं, पण त्यामुळेच गाडीची किंमत निम्मी झाली आहे.

ही निम्मी किंमत का, ते सांगतो, कारण ताऱ्याच्या सल्ल्याचं उत्तरही त्यातच आहे. जुनी गाडी विकत घेणारा माणूस मूळपणाचे पैसे देतो. जाणकाराला पन्हळी दिसल्या की कॉव्हेंट्री कळते. वर तारा दिसला की तो समजतो की मालकाला गाडी माहीत नाही, मग आणखी काय काय बदललं असेल? तो प्रत्येक गोष्टीवर शंका घेतो आणि भाव पाडतो. आणि बॉनेटला पाडलेली भोकं बुजवण्याचा खर्च वेगळा.

यात कायद्याचाही भाग आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, व्यापारी वापराची नसलेली, मूळ स्वरूपात ठेवलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी तिच्यात बसते. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, नोंदणी 10 वर्षांसाठी, पुढच्या नोंदणीला 5,000. रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं यासाठी चालते. तुमच्या गाडीत मूळ इंजिन असेल तर हा मार्ग मोकळा आहे. टेम्पोचं निघालं तर आधी मूळ इंजिन शोधणं, आणि ते काम वर्षावर्षांचं असू शकतं.

त्याआधी घरचं एक काम. गाडी अजून आजोबांच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिलंय. वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. काका, आत्या, त्यांची मुलं, सगळ्यांशी आताच बोलून घ्या. गाडी गंजलेली असते तोवर कुणाला नको असते. ती चमकायला लागली की प्रत्येकाला आजोबांच्या मांडीवर बसून केलेला प्रवास आठवतो.

पार्टबद्दल. मर्सिडीजच्या शोरूममध्ये गेलात तर ते अदबीने चहा देतील आणि परत पाठवतील. डेमलर आज नेमकी कुणाची, हे कळलं की पार्ट कुठे शोधायचे तेही कळतं, म्हणून उरलेली वाटणी झटपट सांगतो.

1960 मध्ये बीएसएने डेमलर जॅग्वारला विकली. जॅग्वारला गाडीपेक्षा कारखान्याची जागा हवी होती, कारण कॉव्हेंट्रीत विस्ताराला सरकार परवानगी देत नव्हतं. नाव त्या जागेबरोबर आलं. योगायोग असा की त्याच 1960 मध्ये डाइमलर-बेंझने मायबाखच्या इंजिन कंपनीत शिरकाव केला. काचघरातल्या दोन जोडीदारांची नावं जर्मनीत एका छपराखाली येत होती आणि इंग्लंडमधलं नाव दुसऱ्याच्या घरी चाललं होतं. पुढच्या डेमलर म्हणजे बऱ्याचशा जॅग्वारच, फक्त जाळीवर पन्हळी. तुमची गाडी त्याआधीची आहे, म्हणून जॅग्वारचे पार्टही तिला चालणार नाहीत, हे लक्षात घ्या.

जाता जाता एक गंमत. विकली जाण्याच्या आदल्याच वर्षी डेमलरने ‘डार्ट’ नावाची स्पोर्ट्स गाडी काढली. डॉजने हरकत घेतली की डार्ट हे नाव आमचं, म्हणून तिचं नाव एसपी250 झालं. डॉज ही क्रायस्लरची. 1998 मध्ये जर्मन डाइमलर-बेंझ त्याच क्रायस्लरशी जोडली जाऊन डाइमलरक्रायस्लर झाली. 2007 मध्ये हा संसार मोडला आणि जर्मनांनी कंपनीचं नाव नुसतं डाइमलर ठेवायचं ठरवलं, तेव्हा जॅग्वार फोर्डकडे होती. म्हणून गॉटलीबच्या कंपनीला गॉटलीबचं नाव लावण्यासाठी एका अमेरिकन कंपनीशी बोलून घ्यावं लागलं.

2008 मध्ये फोर्डने जॅग्वार लँड रोव्हर टाटा मोटर्सला विकली, आणि तिच्याबरोबर कॉव्हेंट्रीचं डेमलर हे नावही टाटांकडे आलं. आता आठवा, टाटांच्या मोटारधंद्याची सुरुवात कशी झाली? 1954 मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझशी 15 वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. 1969 पर्यंत त्या ट्रकच्या नाकावर तीन टोकांचा तारा होता. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर ‘टाटा मर्सिडीज’ म्हणायचे ते उगाच नाही. 1994 मध्ये मर्सिडीज भारतात आली तीही टेल्कोशी भागीदारी करून, आणि पहिल्या गाड्या जोडल्या गेल्या आपल्या पिंपरीत. ज्या घराकडून परवाना घेऊन धंदा सुरू केला, त्या घराचं इंग्लंडमधलं नाव अर्ध्या शतकानंतर टाटांच्या तिजोरीत येऊन पडलं. आणि जर्मनीत? फेब्रुवारी 2022 मध्ये डाइमलर कंपनीने स्वतःचं नाव बदलून मर्सिडीज-बेंझ ग्रुप केलं. ट्रकचा धंदा आधीच वेगळा काढला होता. डाइमलर हे नाव आता त्या ट्रक कंपनीकडे आहे, म्हणजे चेन्नईजवळ बनणाऱ्या भारतबेंझच्या पालक घरी. श्टुटगार्टच्या स्टेडियमला काही वर्षं गॉटलीब डाइमलरचं नाव होतं, तेही 2008 मध्ये मर्सिडीज-बेंझ अरेना झालं. मुलगी येलिनेकची, तिच्या नावाने बापमाणसाचं नाव दोनदा पुसलं.

तर पार्टसाठी टाटांच्या दुकानात जायचं का? तिथेही नाही. जुने रेकॉर्ड इंग्लंडमधल्या जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे आहेत. चेसिस नंबर दिला तर गाडी कधी आणि कशी बनली याची नोंद मिळू शकते, आणि इंजिन नंबर जुळतो का तेही कळतं. पार्टसाठी तिथला डेमलर आणि लँचेस्टर मालकांचा क्लब आणि त्यांच्याभोवतीचे छोटे विक्रेते हाच रस्ता. रबर, वायरिंग, गिअरबॉक्सच्या पट्ट्यांचं लायनिंग, बुश ही कामं इथे होतात, चांगली होतात. काच आणि क्रोमची कामं मुंबईत. जाळी मात्र जपा. ती एकदा तुटली की तशीच दुसरी मिळणं कठीण.

तेव्हा आता फार काही करू नका. ताडपत्री काढून गाडीखाली कोरडं ठेवा, उंदरांचा बंदोबस्त करा, बॅटरी जोडू नका. बॉनेट हलक्या हाताने उघडून इंजिन, त्यावरचा नंबर आणि फायरवॉलवरची (इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावरची) प्लेट यांचे फोटो उजेडात काढून पाठवा. प्लेटवर रंग चढला असेल तर खरवडू नका, ओल्या कापडाने पुसून तिरक्या उजेडात फोटो काढा, अक्षरं उमटतात. आणि डाव्या पेडलला पाय लावू नका.